तीन भांडारे आणि एक सूची

1926 साली नागपूरच्या सरकारी छापखान्यातून मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची एक जाडजूड सूची बाहेर पडली. संपादक होते रायबहादूर हिरालाल. शास्त्र्यांच्या घरी, मठांत, मंदिरांत पडून असलेल्या पोथ्यांची नावे, कर्ते आणि ठावठिकाणे या सूचीत एकत्र आले. त्यातल्या एका गावाने पुढे सगळ्या देशातल्या प्राकृत अभ्यासकांचे लक्ष वेधून घेतले. ते गाव म्हणजे लाडांचे कारंजा. तेव्हा अकोला जिल्ह्यात असलेले हे गाव आज वाशीम जिल्ह्यात आहे.

सूचीतल्या नोंदी त्रोटकच असतात. तरीही त्या छापल्या गेल्यानंतर दहा वर्षांच्या आत कारंज्याच्या पोथ्यांवरून एकामागून एक ग्रंथ संपादित झाले, आणि हजार वर्षांपूर्वीचा एक मोठा कवी वाचकांना नव्याने भेटला. आधुनिक मराठी-हिंदीच्या अगदी आधीची जी भाषा तोवर तुकड्यातुकड्यांनी माहीत होती, त्या अपभ्रंश भाषेचे सलग ग्रंथ हाती आले. हे कसे घडले ते पाहिले की नोंद करणे आणि नोंद तपासणे या दुर्लक्षित कामाचे मोल कळते. आज संशोधनाची सामग्री संगणकीय नोंदणीत घालणारे तरुण रोज जे प्रश्न सोडवतात, ते सगळे कारंज्याच्या भांडारांत आधीच येऊन गेले आहेत.

कारंजा ही जुनी व्यापारी पेठ. दत्तसंप्रदायातल्या नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून मराठी माणसाला ती ठाऊक असते. याच गावात दिगंबर जैनांच्या भट्टारकांच्या, म्हणजे मठाधिपतींच्या, तीन गाद्या होत्या: बलात्कारगणाची, सेनगणाची आणि काष्ठासंघाची. तीन गाद्या म्हणजे तीन मंदिरे आणि तीन शास्त्रभांडारे. बलात्कारगणाची परंपरा कर्नाटकातल्या मळखेडहून इकडे आली. बघेरवाल श्रावकांचे मूळ राजस्थानात, तर लाड समाजाचे नाते गुजरातशी. त्यामुळे इथल्या बस्त्यांमध्ये संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश, जुनी गुजराती, हिंदी आणि मराठी अशा सगळ्या भाषांच्या पोथ्या शेजारी शेजारी बांधलेल्या असत.

पोथ्या जमण्याचे मुख्य कारण शास्त्रदान. व्रताचे उद्यापन झाले की श्रावक एखादा ग्रंथ लिहवून घेई आणि मुनीला, आर्यिकेला किंवा मंदिराला अर्पण करी. लेखनिक शेवटी पुष्पिका लिही. तिच्यात संवत् किंवा शक, मास, पक्ष, तिथी आणि वार येत. गाव, मंदिर, संघ, गण, गच्छ आणि भट्टारकांची गुरुपरंपरा येई. दात्याची जात, गोत्र, त्याची भार्या, मुले, सुना हेही येई, आणि कोणत्या निमित्ताने दान दिले तेही. ग्रंथाची नोंद ग्रंथाच्या पोटातच लिहून ठेवायची ही रीत कोणतीही छापील सूची निघण्याच्या कितीतरी शतके आधीची आहे.

तपासणीची सोयही त्या रीतीतच होती. बऱ्याच पोथ्यांच्या शेवटी ‘ग्रंथाग्र’ म्हणून एक आकडा असतो. 32 अक्षरांचा एक अनुष्टुभ श्लोक हे माप धरून सगळा मजकूर किती श्लोकांचा भरला ते तो आकडा सांगतो. मजकूर गद्य असो वा पद्य, माप तेच. लेखनिकाची मजुरी या मापाने ठरे. पण त्याचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा होता. समजा, पोथीची 100 पत्रे आहेत, प्रत्येक पृष्ठावर 10 ओळी आणि ओळीत सरासरी 32 अक्षरे. पत्राच्या दोन बाजू धरल्या की मजकूर 2000 श्लोकांचा होतो. शेवटी ग्रंथाग्र 2000 च्या आसपास असेल तर पोथी पूर्ण. आकडा 2600 असेल तर मधली पत्रे गेली आहेत, किंवा समोरच्या प्रतीत काही गाळले गेले आहे आणि आकडा मात्र जुन्या प्रतीतून जसाच्या तसा उतरला आहे. म्हणून चांगला सूचीकार पत्रे, ओळी आणि अक्षरे मोजतोच. एरवी रुक्ष वाटणारे हे तीन आकडे पोथीची तब्येत सांगतात.

सरकारी पातळीवर हस्तलिखितांचा शोध 1868 मध्ये सुरू झाला. लाहोरच्या पंडित राधाकृष्णांनी व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्राने त्याला चालना मिळाली. व्हिटली स्टोक्स यांनी योजना आखली आणि प्रांतोप्रांतीच्या याद्या निघू लागल्या. मुंबई इलाख्यात ब्यूलर, कीलहॉर्न आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी हे काम मोठ्या योग्यतेने केले. कीलहॉर्न यांची मध्य प्रांतातल्या संस्कृत पोथ्यांची यादी 1874 मध्ये नागपूरलाच छापली गेली. पण वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात नव्हते. 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या या मुलखाचा कारभार वेगळा होता. मध्य प्रांताशी तो जोडला गेला 1903 मध्ये. त्यामुळे कारंजा त्या पहिल्या मोठ्या यादीच्या कक्षेबाहेरच राहिले. कारभाराची सीमारेषा ज्ञानाचीही सीमा कशी होऊन बसते, याचे हे ठळक उदाहरण आहे. वऱ्हाड जोडल्यानंतरच्या सूचीच्या नावात म्हणूनच ‘आणि वऱ्हाड’ हे शब्द आले, आणि त्यांच्यासोबत कारंज्याची भांडारे.

रायबहादूर हिरालाल हे या कामाला लाभलेले योग्य गृहस्थ होते. 1867 मध्ये मुरवारा, म्हणजे आजच्या कटनीत, त्यांचा जन्म झाला. सरकारी नोकरीत ते डेप्युटी कमिशनरपदापर्यंत चढले. रसेल यांच्या मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरील चार खंडांच्या ग्रंथात त्यांचा सहभाग होता, आणि 1916 मध्येच त्यांनी मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या शिलालेखांची व ताम्रपटांची वर्णनात्मक यादी प्रसिद्ध केली होती. कोणती वस्तू कुठे आहे, तीत काय आहे आणि ती आधी कोणी वाचली, हे थोडक्यात आणि नेमके लिहायची सवय त्यांच्या हाताला त्या यादीने लावली होती.

कारंज्यातल्या अपभ्रंश पोथ्यांचे महत्त्व ओळखले ते हिरालाल नावाच्याच दुसऱ्या विद्वानाने. अलाहाबादला संशोधन करणाऱ्या हिरालाल जैन यांनी 1925 मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या अभ्यासपत्रिकेच्या पहिल्या खंडात अपभ्रंश साहित्यावर लेख लिहिला. पुढे ते अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले. कारंजा तिथून जवळच.

अपभ्रंशाच्या अभ्यासाची तेव्हाची स्थिती आठवली तर या शोधाचे मोल कळते. 1902 मध्ये रिचर्ड पिशेल यांनी अपभ्रंशाची हाती असलेली सगळी सामग्री गोळा केली. ती व्याकरणग्रंथांतल्या उदाहरणांवर आणि इकडच्या-तिकडच्या सुट्या पद्यांवरच भागत होती. हेर्मान याकोबी 1913-14 मध्ये भारतात आले असताना त्यांना ‘भविसत्तकहा’ हे सलग अपभ्रंश काव्य मिळाले; ते 1918 मध्ये जर्मनीत छापले गेले. त्याची भारतीय आवृत्ती 1923 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत निघाली. ती सी. डी. दलाल आणि पुण्याचे पां. दा. गुणे यांची. मग असे ग्रंथ आधी दिसत का नव्हते? एक कारण नोंदीतच होते. जैन भांडारांच्या जुन्या याद्यांत अपभ्रंश काव्येही बहुधा ‘प्राकृत’ या सरसकट नावाखाली जात. भाषेच्या रकान्यात एक शब्द ढोबळ पडला की ग्रंथ बस्त्यात असूनही शोधणाऱ्याला सापडत नाही.

नेमकी नोंद झाली तेव्हा मात्र कामाला वेग आला. कारंज्यातल्याच दात्यांच्या पैशातून ग्रंथमाला सुरू झाली. 1931 मध्ये अपभ्रंश कवी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादित केले. तेव्हा सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकवणारे हेच वैद्य पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या हरिवंशाच्या चिकित्सित आवृत्तीचे संपादक झाले. हिरालाल जैन यांनी 1932 मध्ये ‘सावयधम्मदोहा’, 1933 मध्ये ‘पाहुडदोहा’ आणि ‘णायकुमारचरिउ’, तर 1934 मध्ये मुनी कनकामराचे ‘करकंडचरिउ’ प्रसिद्ध केले. ‘करकंडचरिउ’ मराठवाड्याच्या इतिहासाच्याही कामी आले. त्यातल्या तेरापूरजवळच्या लेण्यांचे वर्णन हिरालाल जैन यांनी तेर आणि धाराशिवच्या लेण्यांशी जुळवून दाखवले. 1936 मध्ये पुष्पदंताच्या ‘महापुराणा’तला हरिवंशाचा भाग लुडविग आल्सडोर्फ यांनी हांबुर्गमध्ये छापला, आणि 1937 ते 1941 या काळात वैद्यांनी सबंध ‘महापुराण’ तीन खंडांत संपादित केले.

इथवरची गोष्ट नोंदी तयार होण्याची. त्या तपासल्या कशा गेल्या, ही गोष्ट याहून रंगतदार आहे.

पहिला प्रश्न: हा पुष्पदंत कोण? पुष्पदंत हे नववे तीर्थंकर. पुष्पदंत हे षट्खंडागम या जैन सिद्धांतग्रंथाच्या आरंभीच्या सूत्रांचे कर्ते आचार्य. शिवमहिम्न स्तोत्राचा कर्ताही पुष्पदंत. आणि कारंज्याच्या पोथ्यांतला पुष्पदंत म्हणजे राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात, आजच्या मळखेडात, राहिलेला दहाव्या शतकातला अपभ्रंश कवी. नुसते नाव लिहिले तर या चौघांची गल्लत ठरलेलीच. ती टळते नावापुढच्या तपशिलांनी. या कवीचा आश्रयदाता कृष्णराजाचा मंत्री भरत, आणि भरतानंतर त्याचा मुलगा नन्न. हे तपशील कवीनेच काव्यांत घातले आहेत. सूचीकाराचे काम एवढेच की ते गाळायचे नाहीत.

ही अडचण प्राचीनांपुरती नाही. सूची करणारे रायबहादूर हिरालाल. कारंज्याचे ग्रंथ संपादणारे हिरालाल जैन. आणि त्यांच्याबरोबर षट्खंडागमाच्या धवला टीकेच्या सुरुवातीच्या भागांवर काम करणारे पंडित हिरालाल शास्त्री. एकाच काळात, एकाच क्षेत्रात, तीन हिरालाल. पुढच्या लेखकांनी ‘हिरालाल यांच्या मते’ एवढेच लिहून टाकले की कोणाचे मत कोणाच्या नावावर जाईल याचा नेम नाही. 2012 पासून जगभरच्या संशोधकांना ‘ऑर्किड’ नावाचा सोळा अंकी क्रमांक दिला जातो तो हाच गोंधळ टाळण्यासाठी.

कारंज्याच्या बलात्कारगणाच्या गादीवर तर नावे फिरून फिरून येतात. धर्मचंद्र, धर्मभूषण, देवेंद्रकीर्ती, कुमुदचंद्र ही नावे पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा पुन्हा दिसतात. एखाद्या पुष्पिकेत ‘देवेंद्रकीर्ती’ वाचून थांबले तर शतकाची चूक सहज होऊ शकते. गुरू कोण, शिष्य कोण आणि शक कोणता, ही तिन्ही अंगे जुळली तरच व्यक्ती ठरते. नागपूरचे विद्याधर जोहरापूरकर यांनी ‘भट्टारक संप्रदाय’ या 1958 मध्ये सोलापूरहून निघालेल्या ग्रंथात हे काम मोठ्या चिकाटीने केले. पोथ्यांच्या पुष्पिका, मूर्तींच्या पादपीठांवरचे लेख आणि पट्टावल्या, म्हणजे गुरुपरंपरेच्या याद्या, यांना क्रमांक देऊन त्यांनी एकमेकांसमोर ठेवले. पट्टावली पुष्कळदा नंतरच्या माणसाने आठवून लिहिलेली असते. मूर्तीवरचा लेख प्रतिष्ठेच्या दिवशीचा. दोन्हींत विरोध आला तर दगड-धातूवरच्या लेखाचे वजन जास्त. जोहरापूरकरांनी एकेक गादीची वंशावळ या कसाला लावली.

दुसरा प्रश्न काळाचा. ‘महापुराण’ सिद्धार्थ संवत्सरात सुरू केले आणि क्रोधन संवत्सरात आषाढ शुद्ध दशमीला पुरे केले, असे पुष्पदंत सांगतो. पण संवत्सराचे नाव दर 60 वर्षांनी परत येते. मग यातला क्रोधन कोणता? इथे दुसऱ्या रकान्यातली माहिती मदतीला येते. कवी ज्या राजाचा उल्लेख करतो तो राष्ट्रकूट तिसरा कृष्ण. त्याची कारकीर्द 939 ते 967. तेवढ्यात बसणारा क्रोधन एकच: शक 887, म्हणजे 965. सिद्धार्थ त्याच्या सहा वर्षे आधीचा, 959 चा. पुढचा पुरावाही याला जुळतो. धारच्या राजाने मान्यखेट लुटल्याचे दुःख पुष्पदंताच्या नावावरच्या एका पद्यात आहे, आणि धनपालाने आपला ‘पाइयलच्छी’ हा कोश मान्यखेटाच्या लुटीच्या वेळी, विक्रम संवत् 1029 मध्ये, म्हणजे 972 च्या सुमारास रचल्याचे नोंदवून ठेवले आहे. कारंज्याची पोथी, राष्ट्रकूटांचे लेख आणि माळव्यातला कोश हे तीन साक्षीदार एकमेकांना न भेटता एकच काळ सांगतात.

कारंज्याच्या पुष्पिकांत शकही येतो आणि विक्रम संवत्ही. शकात 78 मिळवायचे आणि संवतातून 57 वजा करायचे, ही ढोबळ रीत सगळ्यांना येते. पण उत्तरेकडचा संवत् चैत्रात बदलतो आणि गुजरातेतला कार्तिकात. त्यामुळे संवत् 1700 चा आषाढ उत्तरेच्या गणनेने 1643 मध्ये पडतो आणि गुजरातच्या गणनेने 1644 मध्ये. माघ असेल तर मात्र दोन्हीकडे 1644 च. ज्या गावात राजस्थानी, गुजराती आणि कानडी अशा तिन्ही परंपरांचे लेखनिक येऊन गेले, तिथे नुसते इसवी सन लिहून मूळ संवत् आणि मास गाळणे म्हणजे पुढच्या माणसाच्या हातून पडताळणीचे साधनच काढून घेणे. जपायच्या दोन तारखा आणखी असतात: रचनेची आणि नकलेची. दहाव्या शतकातल्या काव्याची पोथी सोळाव्या शतकातली असू शकते. सूचीत एकच वर्ष दिले असेल तर ते कशाचे, हे नोंदीनेच सांगायला हवे.

तिसरा प्रश्न आवृत्तीचा. ‘जसहरचरिउ’ संपादताना वैद्यांना आढळले की त्यातले काही प्रसंग पुष्पदंताचे नाहीत. कौलाचार्याचा प्रसंग, यशोधराचा विवाह आणि भवांतरांचे वर्णन हे भाग गंधर्व नावाच्या कवीने नंतर घातले आहेत. गंधर्वाने ते लपवले नाही. कान्हडाचा मुलगा असलेल्या या कवीने संवत् 1365 मध्ये, योगिनीपुरात म्हणजे दिल्लीत, एका श्रावकाच्या विनंतीवरून ही भर घातल्याचे काव्यातच लिहून ठेवले. मूळ काव्य आणि भर यांत सुमारे साडेतीन शतकांचे अंतर. पोथी वरवर पाहून ‘कर्ता: पुष्पदंत’ एवढेच लिहिले तर ते चूक नाही, पण पुरेसेही नाही. भर कोणी, कधी, कुठे आणि कोणाच्या सांगण्यावरून घातली, हे सगळे गंधर्वाने दिले होते. ते वाचणारा संपादक 1931 मध्ये भेटला.

कधी कधी कर्ता ठरतच नाही. ‘सावयधम्मदोहा’च्या पोथ्यांत योगींद्र, देवसेन आणि लक्ष्मीचंद्र अशी वेगवेगळी नावे कर्ता म्हणून येतात. हिरालाल जैन यांनी कौल दिला देवसेनाला. कोल्हापूरच्या आ. ने. उपाध्ये यांनी 1937 मध्ये ‘परमात्मप्रकाशा’च्या प्रस्तावनेत हा प्रश्न पुन्हा उलगडून तपासला. ‘पाहुडदोहा’चेही तसेच: कुठे रामसिंह, कुठे योगींद्र. अशा ठिकाणी प्रामाणिक नोंद ती, जी पोथीत काय लिहिले आहे ते एका जागी ठेवते आणि संपादकाचे मत दुसऱ्या जागी. दोन्ही मिसळली की पुढच्या पिढीला वाद पुन्हा पहिल्यापासून उकरावा लागतो.

या शिस्तीची सर्वांत कडक परीक्षा धवला टीकेच्या वेळी झाली. षट्खंडागम आणि त्यावरची वीरसेनाचार्यांची धवला ही टीका शतकानुशतके कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या ताडपत्रांतच राहिली होती. विसाव्या शतकात तिथून बाहेर पडलेल्या प्रतीवरून उतरवलेल्या नागरी नकला काही ठिकाणी पोहोचल्या. त्यांतली एक कारंज्याच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमात होती. 1918 मध्ये स्थापन झालेली ही संस्था. हिरालाल जैन यांनी सहकाऱ्यांसह अमरावतीहून 1939 मध्ये पहिला भाग काढला आणि पुढच्या सुमारे वीस वर्षांत 16 भाग पुरे केले. अमरावती, आरा आणि कारंजा इथल्या प्रती त्यांनी शेजारी ठेवून वाचल्या. पहिल्या भागातल्या 93 व्या सूत्रात ‘संजद’ हा एक शब्द असायला हवा, असे त्यांना टीकेच्या ओघावरून वाटले. पण हाती असलेल्या प्रतींत तो नव्हता. त्यांनी तो सूत्रात घुसवला नाही. तो गळलेला दिसतो, अशी तळटीप दिली. सिद्धांताच्या दृष्टीने शब्द नाजूक होता, त्यामुळे त्यावरून मोठे वादळ उठले. पुढे मूडबिद्रीच्या मूळ ताडपत्रांशी ताळा पाहिला गेला तेव्हा तो शब्द तिथे मिळाला. तर्क बरोबर निघाला हे तर झालेच. पण मोठेपण तर्क आणि वाचन वेगळे ठेवण्यात आहे. तर्क चुकला असता तरी पाठ शाबूत राहिला असता.

पोथ्यांच्या या कहाणीला वाशीम शहरातल्या एका ताम्रपटाची जोड आहे. 1939 मध्ये वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमहून, राज्याच्या 37 व्या वर्षी दिलेले हे दानपत्र. वंशावळीचा भाग संस्कृत आणि पुढचा प्राकृत. त्यातल्या वंशावळीत पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन आणि त्याचा मुलगा विंध्यशक्ती असे स्पष्ट येते. यवतमाळच्या शारदाश्रमाचे य. खु. देशपांडे आणि द. बा. महाजन यांनी तो प्रथम विद्वानांपुढे मांडला, मग वा. वि. मिराशी यांनी त्याचे सविस्तर संपादन केले.

वाशीमच्या या पत्र्यांनी दूरवरची एक नोंद बदलायला लावली. अजिंठ्याच्या 16 व्या लेण्यातला वाकाटकांचा लेख पावसापाण्याने झिजलेला आहे. 1883 मध्ये ब्यूलर यांनी छापलेल्या वाचनात प्रवरसेनानंतर रुद्रसेन आणि पुढे पृथ्वीषेण ही नावे येत. वाकाटकांच्या ज्ञात शाखेत ती बसत असल्याने ती स्वीकारलीही गेली. मिराशींनी वाशीमची वंशावळ हाती घेऊन तो लेख पुन्हा वाचला आणि 1941 मध्ये दाखवून दिले की तिथे सर्वसेन आणि विंध्यसेन (म्हणजेच विंध्यशक्ती) आहेत. अजिंठ्याचा हा लेख वाकाटकांच्या नागपूरकडच्या शाखेचा नसून वत्सगुल्म शाखेचा ठरला. लेण्याच्या इतिहासात वाशीमला जागा मिळाली ती या ताळ्याने. जुने वाचन ज्या शिळेवरून झाले ती शिळा जागेवर होती आणि तिचा ठसा व आधीच्या वाचकांची मते छापून उपलब्ध होती, म्हणूनच ही दुरुस्ती करता आली.

विखुरलेल्या नोंदी एका जागी आणण्याचे काम मराठी विद्वानांनीही केले. थिओडोर आउफ्रेश्ट यांनी 1891 ते 1903 या काळात तीन भागांत संस्कृत सूचींची महासूची काढली होती. मद्रास विद्यापीठाने 1935 मध्ये तिची नवी आवृत्ती हाती घेतली. जैन ग्रंथांसाठी हेच काम हरि दामोदर वेलणकर यांनी ‘जिनरत्नकोश’ रचून केले. तो 1944 मध्ये भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केला. ग्रंथाचे नाव, कर्ता आणि कोणकोणत्या सूचींत तो कुठे आला आहे याचे संक्षिप्त संकेत असा त्याचा साचा. हिरालालांच्या 1926 च्या सूचीसाठी त्यात ‘सीपी’ हा संकेत आणि पुढे पृष्ठांक येतो. दोन अक्षरे आणि एक आकडा. तेवढ्या धाग्याने वाचक पुण्याहून नागपूरच्या सूचीपर्यंत आणि सूचीवरून कारंज्याच्या भांडारापर्यंत पोहोचतो.

आजच्या संशोधन-सामग्रीच्या नोंदणीचा साचाही फार वेगळा नाही. 2009 मध्ये स्थापन झालेली डेटासाइट ही संस्था सामग्रीच्या नोंदीत सहा गोष्टी अनिवार्य मानते: ओळखक्रमांक, निर्माता, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष आणि प्रकार. एक सामग्री दुसरीची नवी आवृत्ती आहे की दुसरीवरून तयार झाली आहे, हे सांगायला वेगळे रकाने आहेत. गंधर्वाची भर तिथे नीट बसली असती. नोंद जाहीर करण्याआधी ती चाचणीच्या वेगळ्या प्रणालीत घालून पाहण्याची सोय असते. तारखेचा साचा चुकला किंवा अनिवार्य रकाना रिकामा राहिला तर यंत्र नोंद परत करते. पण हा पुष्पदंत तो नव्हे, हे यंत्राला त्या तपासणीत कळत नाही. साच्याची तपासणी यंत्र करील. आशयाची तपासणी पुष्पिका वाचणाऱ्या माणसालाच करावी लागते.

भारतात फेब्रुवारी 2003 मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले आणि हस्तलिखितांच्या नोंदी ‘कृतिसंपदा’ या संगणकीय कोशात येऊ लागल्या. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञानभारतम् मिशनची घोषणा झाली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण आणि दस्तऐवजीकरण हे त्याचे उद्दिष्ट आहे.

कारंज्यासारख्या गावात या कामाला शून्यापासून सुरुवात करायची नाही, हे विसरून चालणार नाही. इथे शंभर वर्षांच्या नोंदींचे थर आहेत. गावाचा जिल्हाच दोनदा बदलला आहे: मूर्तिजापूर तालुक्याबरोबर हे गाव आधी अमरावतीत होते, 1905 मध्ये अकोल्यात गेले आणि 1 जुलै 1998 रोजी वाशीम जिल्हा झाला तेव्हा त्यात आले. शिवाय वर्धा जिल्ह्यात कारंजा (घाडगे) आहे आणि उरणजवळ करंजा. जुन्या सूचीतला ‘अकोला’ आणि नव्या नोंदीतला ‘वाशीम’ एकच आहेत हे लिहिले नाही, तर एकाच पोथीच्या दोन पोथ्या होतील, किंवा जुन्या अभ्यासातली पोथी हरवल्यासारखी वाटेल.

तेव्हा नव्या नोंदीत आजच्या क्रमांकाशेजारी 1926 च्या सूचीतला संदर्भ, ‘जिनरत्नकोशा’तला संकेत आणि छापील आवृत्तीत त्या प्रतीला दिलेले संपादकीय चिन्ह हे तिन्ही हवेत. पुष्पिका मूळ शब्दांत, पूर्ण हवी. संवत् आणि शक जसेच्या तसे, शेजारी इसवी सन. नोंद कोणी केली आणि कोणी तपासली, यासाठी दोन वेगळी नावे. भरून झालेल्या नोंदींपैकी काही निवडून दुसऱ्या माणसाने फक्त नोंद हाती धरून भांडारात जावे, बस्ता सोडावा, पत्रे मोजावीत आणि ग्रंथाग्राशी ताळा पाहावा. यासाठी नागरी आणि मोडी वाचणारी, प्राकृत-अपभ्रंश समजणारी आणि मंदिराच्या विश्वस्तांशी अदबीने बोलणारी माणसे लागतात. विदर्भातल्या महाविद्यालयांतून अशी दहा-वीस मुले-मुली तयार झाली तर तिन्ही भांडारांची तपासलेली, एकमेकींना जोडलेली सूची एका पिढीत होऊ शकते; रायबहादूर हिरालालांच्या वेळी पहिली सूची तुटपुंज्या साधनांनीही झाली होती.